बावीस घरांचा किमोनो

जूनच्या मध्यावर इगाराशींच्या टोफूच्या दुकानात ओल्या फरशीवरून फुमिएबाई घसरल्या आणि त्यांनी उजवं मनगट मोडून घेतलं. त्याच संध्याकाळी, हात गळ्यात अडकवून त्या घरी येऊन टेकतात न टेकतात तोच, त्यांचे यजमान सेइजिरो ओनोदेरा यांनी जाहीर केलं की सुनेचा नाचाचा पोशाख आता मी शिवणार.

फुमिएबाईंना हसू आलं, पण हसलं की मनगटातून कळ जायची, म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या. बघण्यासारखंच होतं ते. अडतीस वर्षं नगर कार्यालयात काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ. शर्टाचं बटण तुटलं तर शर्टच बदलणारा. घरात सुई कुठल्या खणात असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायलाही त्यांनी दोन दिवस घेतले. पण तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं आणि कागदावर मारलेला शिक्का खोडणं, या दोन गोष्टी सेइजिरोंनी जन्मात केल्या नव्हत्या.

आता पोशाख म्हणजे काय प्रकरण आहे ते ऐका. निशिदाते या गावात ऑगस्टमध्ये, पितर घरी येतात त्या दिवसांत, तीन संध्याकाळी हमरस्त्यावर बायकांचा नाच होतो. गवती टोपी इतकी खाली ओढलेली असते की चेहरा दिसत नाही. बाई ओळखायची ती अंगावरच्या किमोनोवरून. तो किमोनो दुकानात मिळत नाही. आज्या-पणज्यांच्या जुन्या रेशमाचे तुकडे जोडून हातानं शिवावा लागतो. असा किमोनो जिच्याकडे आहे ती गावची. जिच्याकडे नाही तिनं साध्या निळ्या सुती कपड्यात मागच्या रांगेत नाचावं. तिला कोणी हिडीसफिडीस करत नाही, उलट फार अदबीनं वागवतात, आणि तेच वाईट.

ओनोदेरांच्या सुनेचं, चिनामीचं, हेच झालं होतं. ती पार दक्षिणेतल्या कागोशिमाची. ताकुमाशी लग्न करून दोन वर्षं झाली, तरी आळीतल्या बायका तिला "पाहुणी" म्हणायच्या. देवळाची साफसफाई निघाली की हिच्या हातातला झाडू काढून घ्यायच्या आणि बसायला उशी द्यायच्या. दोन वर्षं ती पोर उशीवर बसून होती. त्यात मे महिन्यात ताकुमाच्या कंपनीनं त्याला दूर नागोयाला येतोस का म्हणून विचारलं, आणि पितरांचे दिवस आटोपले की कळव म्हणून सांगितलं. ताकुमा म्हणाला, चिनामी म्हणेल तसं. चिनामी काहीच म्हणाली नाही. फुमिएबाईंनी हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं. मग ते उठले, बागेत गेले आणि धडधाकट काकडीचा वेल उपटून आले. मुलगा आणि सून गेले तर हे घर खायला उठेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. सुनेचा किमोनो झालाच पाहिजे, असं फुमिएबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं. मध्ये टोफू आला.

फुमिएबाईंचा स्वतःचा किमोनो रिवाजाप्रमाणे लेकीबरोबर यामागाताला गेलेला. राहिली सेइजिरोंच्या आईची रेशमाची पेटी. तर ती पेटी सेइजिरोंनी अकरा वर्षांपूर्वी, "स्वच्छ घर, सुंदर गाव" या मोहिमेचे प्रमुख या नात्यानं, लोकांपुढे उदाहरण ठेवावं म्हणून सगळ्यांच्या आधी कचऱ्याच्या गाडीत स्वहस्ते ठेवली होती. त्याचा फोटोसुद्धा आहे. फुमिएबाईंनी या विषयावर अकरा वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं, आणि ज्या दिवशी त्या काढतील त्या दिवसाची सेइजिरोंना धास्ती होती. तेव्हा पोशाख शिवणं हे नुसतं काम नव्हतं, प्रायश्चित्त होतं.

पाठ आणि बाह्या फुमिएबाईंच्या माहेरच्या रेशमातून निघाल्या. समोरचे दोन पट उरले. त्यासाठी तुकडे मागत सेइजिरो दारोदार फिरले. आयुष्यभर लोक त्यांच्या खिडकीपुढे रांग लावून उभे राहिलेले. आता ते लोकांच्या दारात बूट काढून उभे. पहिले गेले ते इगाराशींकडे. इगाराशी ओल्या फरशीमुळे आधीच ओशाळलेले होते. त्यांनी आईच्या किमोनोचा शेंदरी तुकडा लगेच काढून दिला, पण अट घातली की तो दर्शनी भागात लागला पाहिजे, म्हणजे लोकांच्या मनातलं त्या फरशीबद्दलचं किल्मिष जाईल. न्हाव्याच्या बायकोनं सासूचा तुकडा दिला आणि तो बसायच्या जागी लावा म्हणाली. ते जमणार नाही म्हटल्यावर मग समोर, पण अगदी खाली, पायाशी लावा म्हणाली.

हाताकेयामांच्या तोमे आजी एक्क्याण्णव वर्षांच्या. त्या ओसरीवरच्या खुर्चीतून आता उठत नाहीत. त्यांनी आपल्या लग्नातल्या जांभळ्या रेशमाचा तुकडा कात्रीनं स्वतः कापून दिला. त्यावर पांढरे बगळे होते. "मी पंचावन्न वर्षं नाचले त्या रस्त्यावर," त्या म्हणाल्या. "आता खुर्चीतून बघते. हा समोर लाव बाबा, म्हणजे माझ्या दारावरून गेला की मला दिसेल. एवढंच."

सेइजिरोंनी वाकून शब्द दिला. तसा त्यांनी बावीस घरांना दिला. एकालाही पाठ चालणार नव्हती आणि बाही तर अपमानच होता.

बरं, तुकडे मिळाले म्हणजे झालं असं समजू नका. पोशाखाची नोंद नगर कार्यालयातल्या नाच-जतन मंडळाच्या खिडकीवर करावी लागते. कोणी बाजारातून आणलेलं काहीही घालून नाचू नये म्हणून "नमुना क्रमांक सात" हा फॉर्म आहे. प्रत्येक तुकडा कोणाचा, कोणी कधी वापरला, देणाऱ्या घराचा शिक्का. हा फॉर्म एकोणीस वर्षांपूर्वी कोणी तयार केला हे मी सांगायला हवं असं नाही. तेव्हा त्याबद्दल नगराध्यक्षांनी त्यांची पाठ थोपटली होती. खिडकीत आता मियाकोशी नावाची तिशीची बाई बसते. ती सेइजिरोंच्याच हाताखाली तयार झाली, आणि वाईट म्हणजे चांगली तयार झाली.

"ओनोदेरा-सान, तुकड्यांची मापं राहिलीत," ती म्हणाली.

"मापं कशाला? तुकडा म्हणजे तुकडा."

"कलम सहा. लांबी, रुंदी, मिलिमीटरमध्ये. तुम्हीच शिकवलंत आम्हाला, माप नसलं तर उद्या कोणी हातरुमाल जोडून आणेल म्हणून."

हाताखालच्या माणसानं आपलं शिकवणं लक्षात ठेवावं याचा अभिमान आणि त्याच माणसाचा गळा दाबावा ही इच्छा, या दोन्ही भावना सेइजिरोंच्या मनात एकदम आल्या. ते घरी गेले, बावीस तुकडे मोजले, परत आले. मग कळलं की न्हाव्याचा शिक्का चौकटीबाहेर गेलाय. पुन्हा न्हावी. सात फेऱ्या झाल्या, पण सात फेऱ्यांत त्यांनी एकदाही "चालवून घे" म्हटलं नाही. मरण पत्करलं असतं, ते म्हटलं नसतं.

शिवण जुलैत सुरू झाली. फुमिएबाईंनी तोंड उघडलं की सेइजिरो तळहात दाखवून थांबवायचे. तुझा हात मोडलाय, तू विश्रांती घे. वाचनालयातून पुस्तक आणलं होतं. पुस्तकात टाके एका ओळीत मुंग्यांसारखे होते. सेइजिरोंचे टाके म्हणजे मुंग्यांच्या ओळीवर कोणीतरी पाय दिल्यावर त्या जशा होतात तसे. पहिल्या आठवड्यात त्यांनी डावी बाही स्वतःच्या पायजम्याला पक्की शिवली आणि दारावर टपालवाला आला तेव्हा बाहीसकट उठले. दुसऱ्या आठवड्यात बोटांना इतक्या पट्ट्या झाल्या की चॉपस्टिक धरता येईना, तेव्हा नवरा-बायको दोघंही चमच्यानं भात खाऊ लागले. शेजारपाजारचे सल्ले द्यायला येत, बार्लीचा गार चहा पिऊन जात. प्रत्येकजण जाताना आपला तुकडा कुठे लागतोय ते वाकून बघून जाई.

समोरच्या दोन पटांवर बावीस तुकडे बसवायचे कसे, हा खरा पेच होता. कोण वर, कोण खाली, कोण कोणाशेजारी. इथे सेइजिरोंमधला अधिकारी जागा झाला. त्यांनी आलेखाच्या कागदावर आळीचा नकाशाच काढला. हमरस्ता उत्तर-दक्षिण, त्याच्या पूर्वेला अकरा घरं, पश्चिमेला अकरा. किमोनो टेबलावर पसरला, मधली फट म्हणजे रस्ता, पूर्वेची घरं पूर्वेच्या पटावर, पश्चिमेची पश्चिमेच्या पटावर, ज्या क्रमानं दारं आहेत त्याच क्रमानं. कोणाला बोलायला जागाच नाही. हे सुचल्यावर ते स्वतःवर इतके खूश झाले की संध्याकाळी त्यांनी फुमिएबाईंना साकेचा पेला स्वतः भरून दिला.

नाचाच्या आदल्या दिवशी दुपारी किमोनो पुरा झाला. सेइजिरोंनी आळीला बोलावलं. पश्चिमेकडचे इगाराशी आणि दोघी-तिघी आधी आले, पुढे बसले. चिनामी आतून किमोनो घालून आली. तिनं उजवा पट आत घेतला, डावा त्यावर घेतला, कमरपट्टा बांधला आणि वळली.

पश्चिमेकडची अकराच्या अकरा घरं नाहीशी झाली होती.

जिवंत माणूस उजवा पट आत आणि डावा वर घेतो, हे निशिदातेत तीन वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. सेइजिरोंना चौसष्ट वर्षं ठाऊक होतं; रोज आंघोळीनंतर ते असाच कपडा गुंडाळत आले होते. पण टेबलावर पसरलेल्या किमोनोला आत-बाहेर नसतं. तो नकाशा असतो, आणि नकाशात कोणी कोणाच्या खाली जात नाही. पूर्वेकडच्या एका बाईनं "छान झालाय हो" म्हटलं, आणि ते न म्हणती तर बरं होतं.

इगाराशी हळूच म्हणाले, एक दिवस उलटा घेतला तर? फुमिएबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते टोफूसारखे पांढरे पडले. उलटा घेतात तो फक्त प्रेताला. आणि तोही कधी, तर पितर रस्त्यावर हिंडत असतात त्या दिवसांत. "माझी सून जिवंत आहे," फुमिएबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. पूर्वेचे लोक कर वेळेवर भरतात म्हणून."

लोक गेले. सेइजिरो मोजपट्टी घेऊन बसले. उसवायचं, अदलाबदल करायची, रात्र पडायच्या आत संपवायचं. पण वर दिसणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ काढलं तर तिथे तेराच तुकडे मावत होते. अर्धे-अर्धे कापले तर बावीस मावले असते. पण कापले तर मापं बदलणार, मापं बदलली तर नमुना क्रमांक सात रद्द, आणि नोंदणीची खिडकी तीनला बंद झालेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? चार वाजता त्यांनी पट्टी ठेवली, कोट चढवला, आणि पश्चिमेच्या अकरा घरांच्या दारात जाऊन अकरा वेळा कमरेत वाकून माफी मागितली. आयुष्यात इतकी माफी त्यांनी एकत्र कधी मागितली नव्हती. न्हाव्याची बायको म्हणाली, सासू कायम झाकलेली राहील याचा मला आनंदच आहे. इगाराशींनी टोफूचा तुकडा बांधून दिला. तोमे आजी काहीच लागट बोलल्या नाहीत. "असू दे रे," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत थोड्या वळून बसल्या. सेइजिरोंना भर रस्त्यात रडू फुटायचं बाकी होतं.

घरी आले तर चिनामी टेबलाशी. "बाबा," ती म्हणाली, "तो आळीचा नकाशा जरा द्या ना. आतल्या पटावर कोण कुठं आहे, क्रमानं?"

सेइजिरोंनी नकाशा दिला. सुनेला आपली चूक पुरती बघायचीय असं त्यांना वाटलं, आणि बघावी, तिचा हक्कच आहे, असंही वाटलं. ती बराच वेळ ओठ हलवत बसली होती.

पहिल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंना गाव जमलं. पश्चिमेकडचे आले होते, पण आपल्याला बघण्यासारखं काही नाही अशा थाटात पंखे हलवत बसले होते. ढोल सुरू झाले. निशिदातेचा नाच संथ. पाऊल जमिनीवरून सरकतं, किमोनोचा खालचा काठ बोटभरही उघडू नये असा दंडक आहे. चिनामी दुसऱ्या रांगेत होती. टोपीखाली चेहरा नव्हता, पण सेइजिरोंना तो किमोनो शंभरांत ओळखू आला असता. त्याच्या एकेका वाकड्या टाक्याखाली त्यांचं रक्त होतं.

ती पूर्वेच्या घरांसमोरून रीतसर, पाऊल सरकवत गेली. मग वळणाची गिरकी घेऊन पश्चिमेला आली, आणि इगाराशींच्या दुकानासमोर तिनं पाऊल सरकवलंच नाही. चांगलं हातभर पुढे टाकलं. वरचा पट बाजूला फाकला आणि आतून शेंदरी तुकडा चमकून गेला.

इगाराशी पंखा हलवायचे थांबले. पुढच्या दारासमोर पुन्हा तसंच. त्या दाराचा हिरवा तुकडा. नाच शिकवणाऱ्या बाईंनी कडेवरून दातओठ खाल्ले. काठ उघडलेली नाचणारीण त्यांनी चाळीस वर्षांत बघितली नव्हती. चिनामीनं तिकडे बघितलंच नाही. ती एकेक दार मनात मोजत चालली होती, प्रत्येक घरासमोर त्या घरापुरतंच पाऊल टाकत. न्हाव्याच्या बायकोच्या सासूचंसुद्धा तिनं दर्शन घडवलं. उत्तरेच्या टोकाच्या घराचा तुकडा मात्र इतका वर होता की तो दाखवायचा म्हटला असता तर पोलीस बोलवावे लागले असते. त्या घरापुढे तिनं फक्त मान लववली, आणि त्या लोकांनी ती समजून घेतली.

तोमे आजींच्या ओसरीसमोर तिनं दोन वेळा पाऊल टाकलं. जाताना एकदा, आणि ढोल थोडे लांबले तसं मागे येऊन एकदा. जांभळ्यावरचे पांढरे बगळे दोनदा दिसले. आजींनी काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. "ए ओनोदेरांच्या पोरी," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "उद्या जरा सावकाश. मला मोजायचेत ते."

दुसऱ्या संध्याकाळी पश्चिमेकडच्यांनी दुपारपासूनच चटया अंथरल्या. तिसऱ्या दिवशी पूर्वेकडच्यांनी मंडळात तक्रार केली की आमचे तुकडे नुसते दिसतात, त्यांचे उघडून दाखवतात, हा पक्षपात आहे. मियाकोशीनं नियमावली उलटीपालटी करून पाहिली. पाऊल किती टाकावं याबद्दल सेइजिरोंनी कलमच घातलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांत राहून गेलेल्या या एकाच गोष्टीचं सेइजिरोंना पहिल्यांदा समाधान वाटलं.

तिसऱ्या रात्री नाच संपल्यावर घरी आले तेव्हा देवळाच्या सफाईचा झाडू दारात ठेवलेला होता, कोणी ठेवला ते माहीत नाही. त्याला चिठ्ठी होती: सकाळी सहा, चिनामीनं यावं. उशीचा उल्लेख नव्हता. ताकुमा चहाची भांडी काढत होता. चिनामीनं टोपी काढली, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि किमोनोचा आतला पट दिव्यापुढे धरला. वीतभर शिवण उसवली होती. एवढ्या पावलांचा हिशोब सेइजिरोंच्या टाक्यांनी कुठून ठेवावा? त्यांचा चेहरा पडला. फुमिएबाईंनी तेवढ्यात बोलून घेतलं की टाके असे असतात का, हा माणूस तर जणू पोती शिवत होता.

"नाही आई, चांगलं शिवलंय. फक्त इथं ताण येतो," चिनामी बोटानं शिवण चाचपत म्हणाली. "पुढच्या वर्षी इथं दुहेरी टाका घालू या, बाबा. मला तुम्ही दाखवा कसा घालतात ते."

ताकुमाच्या हातातली किटली तिथेच राहिली. फुमिएबाईंनी चांगल्या हाताची बाही डोळ्यांना लावली आणि धूळ फार झालीय असं कोणाला तरी सांगितलं.

सेइजिरोंचे कान चौसष्टाव्या वर्षी ठणठणीत आहेत. नगर कार्यालयात पलीकडच्या खिडकीतली कुजबुज त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू यायची. पण त्यांनी हात कानामागे धरला आणि पुढे वाकले.

"काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं."

"पुढच्या वर्षी," चिनामी जरा मोठ्यानं म्हणाली.

"कधी?" सेइजिरोंनी पुन्हा विचारलं.